मागे नेणारा बाण

मंगळवार, ४ मार्च

वही आजपासून ऑफिसच्या खणात. घरी नकोच. घरात असा एक कोपरा नाही जिथे नवऱ्याचा हात पोचत नाही. इथे खणाला कुलूप आहे. जेवणाच्या सुट्टीत लिहायचं. शेजारचे म्हणतील, बाई कामाच्या नोंदी करतेय. म्हणू देत!

नवं काम आलंय. बायकांच्या एका मदतवाहिनीची वेबसाइट. घरात मार खाणाऱ्या, धाकात राहणाऱ्या बायका तिथे फोन करतात. साहेबांनी काम नेमकं माझ्याकडे दिलं. म्हणाले, तुम्ही शांत आहात, तुम्हाला जमेल. मी शांत! मान डोलावली आणि पाणी प्यायले.

साइटवर वर तीन टॅब – माहिती, तयारी, संपर्क. 'तयारी'च्या पोटात आणखी टॅब – कागदपत्रं, मुलं, कुठे जायचं. सध्या कुठलाही टॅब उघडा, वरच्या पट्टीतला पत्ता एकच राहतो. पान पुन्हा उघडलं की आपण पहिल्या टॅबवर, पहिले पाढे पंचावन्न. मदतवाहिनीच्या समुपदेशक ताईंची तक्रार हीच. रडणाऱ्या बाईला फोनवर 'आधी हे दाबा, मग ते दाबा' सांगत बसता येत नाही; थेट आतल्या टॅबची लिंक पाठवता आली पाहिजे. म्हणजे प्रत्येक टॅबला त्याचा पत्ता, आणि पोटातल्या टॅबला आईच्या पत्त्यापुढे स्वतःचा. तयारी, तिरकी रेघ, कागदपत्रं. घर नंबर आणि आत खोली नंबर, तसं. माझ्या हातचा मळ आहे हा.

'कागदपत्रं' टॅबवर काय लिहिलंय ते वाचून काढलं. निघताना काय काय जवळ हवं. मुलांचे जन्मदाखले, स्वतःचं शिक्षणाचं सर्टिफिकेट, ओळखपत्रं. माझं हे सगळं त्याच्या कपाटात आहे. किल्ली त्याच्याकडे. दुसरी किल्ली कधीच हरवली, असं तो म्हणतो.

इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचणार. मला निघायचंय. लेकीला, चिमीला घेऊन. कधी आणि कसं ते माहीत नाही.

गुरुवार, ६ मार्च

टॅबचे पत्ते चालू झाले. चाचणीची साइट नेटवर चढवली, कुठूनही उघडते. उरलेलं घरून तपासते म्हटलं.

शुक्रवार, ७ मार्च

 

काल संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर घरचा जुना लॅपटॉप उघडून तपासत होते. चिमी शेजारी चित्र रंगवत होती, आई – सासूबाई – खिडकीशी विणत बसल्या होत्या. मी 'तयारी' दाबलं, त्यातून आपोआप 'कागदपत्रं' उघडलं. तेवढ्यात जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या. मी मागे नेणारा बाण दाबला. पान हललं नाही! पुन्हा दाबला. क्षणभर पांढरं झालं आणि परत तेच – कागदपत्रं. पुन्हा दाबला. परत तेच. दारात चावी फिरली आणि मी येड्यासारखी तो बाण दाबतेच आहे.

तो मागे येऊन उभा राहिला. वाचलं असणार, अक्षरं मोठी आहेत.

"हे काय?"

ऑफिसचं काम, म्हटलं. खरंच होतं ते. मी आयुष्यात इतकं खरं बोलताना इतकी घाबरले नव्हते. त्याने नेहमीसारखा हात पुढे केला, मी फोन हातावर ठेवला. तो रोज बघतो. कुणाशी बोलले, काय उघडलं. बघून झाल्यावर परत दिला आणि चिमीच्या चित्राचं कौतुक केलं. छान आवाजात. त्या छान आवाजाचीच मला जास्त भीती वाटते. मागच्या वेळी माझं मनगट पिरगळलं तेव्हाही तो ह्याच आवाजात बोलत होता.

सोमवार, १० मार्च

सापडलं. चूक माझीच, आणि इतकी साधी की कपाळावर हात मारून घेतला.

'तयारी'ला स्वतःचं असं पानच नाही. तिथे कुणी आलं की ते त्याला पुढे ढकलतं, पहिल्या खोलीत – 'कागदपत्रं'. पण ढकलताना मी दोन्ही पत्ते ब्राउझरच्या आठवणीत ठेवले. म्हणून मागे गेलं की माणूस 'तयारी'वर येतो, आणि 'तयारी' त्याला लगेच पुन्हा आत ढकलते. मागे जावं तर पुढे! कितीही दाबा. दार उघडं दिसतं पण बाहेर पडता येत नाही.

आमचा टेस्टर – सगळे त्याला किरकिऱ्या म्हणतात – त्यालाही हे दिसलं नाही. तो प्रत्येक टॅबचा पत्ता थेट टाकून बघतो. घाईघाईने मागे जाण्याची पाळी त्याच्यावर कशाला येईल?

दुरुस्त करायला घेतेय. आज घरी लवकर जायचंय. त्याला सर्दी-ताप आहे, दिवसभर घरीच. चिमी शाळेतून येईल तेव्हा तो आणि आई. मी नाही.

मंगळवार, ११ मार्च

त्याला कळलंय.

काल घरी पोचले तर त्याचा आरडाओरडा चालला होता, आईंवर. दुपारी तो झोपून उठून बाहेर आला आणि आईंनी लॅपटॉपची वायर खस्सकन उपटली म्हणे. त्याची बॅटरी केव्हाच मेलीय, वायर काढली की तो जागच्या जागी बंद. आई म्हणाल्या, जळका वास आला. "वास आला, वास आला! काडीची अक्कल नाही!" स्वतःच्या आईला. त्या खाली मान घालून लोकरीचा गुंडा गुंडाळत होत्या. त्या लॅपटॉपवर त्या विणकामाचे नमुने बघतात, तेवढाच त्यांचा जीव रमतो. मला वाटलं, बिचाऱ्या. वय झालं की नसलेले वासही येतात.

तो आत गेल्यावर मी लॅपटॉप चालू केला. ब्राउझरने विचारलं, मघाची पानं पुन्हा उघडू का? मी हो म्हटलं. एक विणकामाचं पान आलं. आणि दुसरं उघडलं ते – तयारी, तिरकी रेघ, कागदपत्रं.

गुरुवारनंतर मी हा टॅब घरी उघडलाच नव्हता. आधीची साइट असती तर पहिला टॅब दिसला असता आणि मला काही कळलं नसतं. आता पत्ता बोलतो. माझ्या हाताने त्याला बोलायला शिकवलंय मी. जुन्या नोंदी उघडल्या. दुपारची वेळ. आधी कागदपत्रं, मग मुलं – जो टॅब मी घरी कधीच उघडला नाही – मग पुन्हा पुन्हा कागदपत्रं. मी ऑफिसात होते. घरात तो होता.

चहा पिताना तो मला काही बोलला नाही. का नाही बोलला?

बुधवार, १२ मार्च

आज सकाळी निघताना म्हणाला, या महिन्याअखेर नोकरी सोड. चिमीकडे बघायला घरी कुणीतरी हवं. मी म्हटलं, आई आहेत की. तो हसला. "तिला स्वतःला बघायला कुणीतरी लागतं."

एवढंच. बुटाची नाडी बांधून गेला.

म्हणजे महिन्याअखेर हा खण गेला, ही वही गेली, ही साइट उघडायचं निमित्त गेलं. त्याने वाचलंय. वाचूनच ठरवलंय.

गुरुवार, १३ मार्च

 डबा खाल्ला नाही. तोही बघतात घरी, म्हणून टाकून देते.

शुक्रवार, १४ मार्च

समुपदेशक ताई ऑफिसात आल्या होत्या. चाळिशीच्या, केस आखूड, पर्सऐवजी कापडी झोळी. मी त्यांना बैठकीच्या खोलीत पडद्यावर नवे पत्ते दाखवले. त्या खूश. मग मीच म्हटलं, यात एक धोका आहे.

पत्ता बोलतो, हे सांगितलं. एखाद्या बाईच्या घरचा माणूस ब्राउझरच्या जुन्या नोंदी बघत असेल तर आधी त्याला एक नाव दिसायचं. आता ती नेमकी कुठल्या टॅबवर किती वेळा गेली तेही दिसेल. आणि ती घाबरून मागे जायला लागली तर एकेक टॅब मागे, एकेक टॅब मागे, असं होईल. तोवर माणूस खोलीत आलेला असेल.

ताईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आम्ही त्या पानावर केवढं मोठं लाल बटण ठेवलंय, 'पटकन बाहेर पडा' म्हणून. मी म्हटलं, ते कुणी शोधत नाही हो. घाबरलं की हात आपोआप त्या बाणावरच जातो.

हे बोलून गेले आणि जीभ चावली. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या बाहीकडे नाही, मनगटाकडे नाही, तोंडाकडे. मग विचारलं, "उपाय काय करता येईल?"

उपाय मी रात्रंदिवस घोकला होता, धडाधड सांगितला. पत्ते ठेवायचे, लिंक पाठवता आलीच पाहिजे. पण पत्त्यात शब्द नको, नुसती अक्षरं. पानाचं नावही साधं, कुठल्याही दुकानाचं असावं तसं. आणि टॅब बदलला की ब्राउझरच्या आठवणीत नवी पायरी वाढवायची नाही. जुनीच पुसून तिच्या जागी नवी लिहायची. म्हणजे आत कितीही फिरा, पायरी एकच. बाण एकदा दाबला की थेट साइटच्या बाहेर, त्याआधी जे पान होतं त्यावर.

ताई म्हणाल्या, करा.

सोमवार, १७ मार्च

किरकिऱ्याशी भांडले. मी! अख्खं ऑफिस बघत होतं.

त्याने दोष नोंदवला – 'आतल्या टॅबवरून मागे गेल्यास आधीचा टॅब दिसण्याऐवजी वापरकर्ता साइटबाहेर फेकला जातो.' मी म्हटलं, तो दोष नाही, तेच हवंय. तो म्हणाला, जगात कुठे असं असतं का, मागे म्हणजे मागे. म्हटलं, जगात सगळ्यांनाच सावकाश मागे जायची सवड नसते. तो म्हणाला, वापरणाऱ्या बाया वैतागतील. मी म्हटलं, वैतागू देत, वैतागायला शिल्लक तर राहतील!

 मग त्याने खुर्ची मागे सरकवली, चष्मा पुसला, आणि दोष रद्द केला. थोड्या वेळाने माझ्या टेबलावर कॉफी आणून ठेवली. तो स्वतःचं पाणीसुद्धा दुसऱ्याला आणायला लावतो. कॉफी बेचव होती. सगळी प्यायले.

नवं सगळं चाचणीच्या साइटवर चढवलं. आता ढकलाढकली नाही. एक बाण, आणि बाहेर.

घरी गेल्यावर आईंनी उगाच विचारलं, तुझं ऑफिसचं काम संपत आलं का? त्या माझ्या कामाबद्दल कधी विचारत नाहीत. मी हो म्हटलं. त्याने विचारायला सांगितलं असेल का? असेलच. आता आईसुद्धा.

बुधवार, १९ मार्च

ताईंचा ऑफिसच्या फोनवर फोन. नवे पत्ते चालतात, उत्तम. मग जरा थांबून म्हणाल्या, साइटवरचा नंबर नीट लागतो का तेही तपासायला हवं ना. "चाचणी म्हणून तुम्हीच एकदा खरा फोन करून बघा. मी घेईन."

मी फोन ठेवला. मग बैठकीच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि नंबर फिरवला. ताईंनी उचलला.  त्या म्हणाल्या, बोला, मला घाई नाही.

मग बोलले. सगळं. चिमी दारामागे उभी राहते तेही.

शुक्रवार, २१ मार्च

ताईंच्या निवाऱ्यात जागा आहे. मला आणि चिमीला. ताई म्हणाल्या कागद मिळाले तर बरं, नाही मिळाले तरी या. पण चिमीच्या नव्या शाळेला दाखला लागेल, आणि तो कोर्टात जाईल तेव्हा माझ्या हातात काहीतरी हवं. म्हणून काल मी प्रयत्न केला.

तो आंघोळीला गेला होता. त्याच्या पँटच्या खिशातून किल्ल्या काढल्या. कपाटापर्यंत गेले. कुलपात किल्ली घातली. आणि नळ बंद झाल्याचा आवाज. किल्ली फिरेना, निघेना! शेवटी निघाली. खिशात परत टाकते तोच तो टॉवेल गुंडाळून दारात.

मी काही बोलायच्या आत आई मागून आल्या. म्हणाल्या, पँट धुवायला काढ म्हणून मीच तिला सांगितलं, किती दिवस घालतोस तीच. तो आईंवर डाफरला, पँट हिसकावून घेतली आणि आत गेला.

मी आईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेल्या.

कळत नाही. वाचवलं की पाळत ठेवतायत? त्या नेमक्या तिथेच कशा आल्या?

सोमवार, २४ मार्च

बुधवारी तो कामासाठी गावाला जाणार, संध्याकाळी परत. बुधवारी निघायचं. कागदांशिवाय. सकाळी नेहमीसारखं ऑफिसला यायचं, शाळा सुटायच्या वेळी चिमीला परस्पर घ्यायचं, ताईंची गाडी शाळेच्या मागच्या गल्लीत.

एकच भीती. शाळेतून रोज आई आणतात तिला. त्यांना काय सांगू? आज अर्धा दिवस काम आहे, मीच आणते, असं सांगेन. त्या त्याला फोन करतील. तो अर्ध्या वाटेतून परत येईल. 

मंगळवार, २५ मार्च

आज सकाळी आईंना म्हटलं, उद्या चिमीला मी आणते. त्या विणत होत्या. टाके मोजून झाल्यावर म्हणाल्या, "नको. तिला मीच आणते."

 'तिला' म्हणाल्या, 'घरी' म्हणाल्या नाहीत, एवढं आत्ता लिहिताना लक्षात येतंय. पण त्याने काय फरक पडतो?

रद्द करू का सगळं? ताईंना फोन करायला हवा. धीर होत नाही.

बुधवार, २६ मार्च

रिसेप्शनवरून फोन आला, खाली कुणीतरी आलंय. मला वाटलं, तोच.

खाली चिमी. शाळेच्या गणवेशात, दप्तरासकट, बिस्कीट खात. शाळा अजून सुटलेली नव्हती. आणि शेजारी आई, मांडीवर ती लोकरीची पिशवी.

मी विचारलं, काय झालं. त्यांनी पिशवीत हात घातला, गुंडे बाजूला केले आणि खालून एक मोठा लिफाफा काढून माझ्या हातात दिला. चिमीचा जन्मदाखला. चिमीची शाळेची कागदपत्रं. दुसऱ्या लिफाफ्यात माझी सगळी सर्टिफिकेटं आणि ओळखपत्रं. त्या टॅबवर लिहिलंय तसं, त्याच क्रमाने लावलेलं.

म्हणाल्या, कपाटाची दुसरी किल्ली हरवली नव्हती. लोकरीत होती.

मग हळूच, चिमीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात:

"तुझं ते पान आधी बंदच व्हायचं नाही गं. तो उठून आला, मी सारखा बाण दाबतेय, सारखं तेच. शेवटी वायर ओढली. आता बरं केलंयस. एकदा दाबलं की आपलं विणकाम."

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. चिमी विचारत होती, तू का रडतेस.

आता गाडीची वाट बघतोय. ताईंना कळवलंय, मागच्या गल्लीत नको, इकडेच या.

पिशवी उचलायला गेले तर आईंनी ती धरून ठेवली. आत अजून एक लिफाफा होता. त्यावर त्यांचं स्वतःचं नाव.